आहे, पण सापडत नाही

गुरुवारी लाईट जाणार हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. दुरुस्तीचा वार तो. दहाला गेलेली पाचला येईल असं धरून माणसं मिक्सर नऊच्या आत फिरवून घेतात, फोन चार्ज करून ठेवतात. त्यामुळे श्रावणातल्या त्या गुरुवारी सव्वाअकराला, ज्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळते तिच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला आणि ते म्हणाले, "मॅडम, यूपीएस बोंबलायला लागलाय," तेव्हा मी भेंडी चिरता चिरताच बोलले. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. नव्या घ्यायचा विषय संचालक मंडळापुढे दोनदा जाऊन परत आला होता. "सर्व्हर रीतसर बंद करा, भिंतीवर कागद आहे, त्यात ओळीने लिहिलंय सगळं," असं मी सांगितलं. त्यांनी तसंच केलं. माणूस शिस्तीचा आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. शिपाईमामांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, पंखे घुमले. पावणेसहाला पुन्हा फोन.

"मॅडम, सर्व्हर चालू आहे, पण पिग्मी चढत नाहीये."

पतसंस्थेशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पन्नास, शंभर, दोनशे असे पैसे गोळा करत फिरतात, हातातल्या मशीनवर नोंद करतात आणि खातेदाराला चिटोरं फाडून देतात. संध्याकाळी ऑफिसात आले की मशीन वायफायवरून दिवसभराच्या नोंदी सर्व्हरकडे पाठवतं आणि एजंट रोकड कॅशियरकडे भरतात. नोंद आणि रोकड जुळली की घरी. नाही जुळली तर कुणीच घरी जात नाही.

बाहेरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय मी तिथे ठेवलेली नाही. लोकांचे पैसे आहेत, उगाच दार कशाला उघडं ठेवा. त्याची किंमत म्हणजे काहीही झालं की धायरीहून सदाशिव पेठ गाठायची. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, म्हणजे तिकडची सगळी गर्दी बाकीच्या पुलांवर. सिंहगड रोडवर रेनकोटात उकडून निघत मी पाऊण तास काढला आणि तेवढ्या वेळात मनातल्या मनात तीन निदानं करून टाकली: डेटाबेस उठला नसेल, डिस्क भरली असेल, नाहीतर आयपी बदलला असेल. तिन्ही चुकीची निघाली.

ऑफिसात बाकड्यावर सात-आठ एजंट ओल्या छत्र्या पायाशी घेऊन बसले होते. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत असतो. गेल्या दसऱ्याला त्याची पूजा झाली तेव्हाची झेंडूची एक पाकळी अजून पुढच्या जाळीत अडकलेली आहे आणि डब्यावर कुंकवाची पाच बोटं. ती पुसायची नाहीत असं कॅशियरकाकूंनी मला बजावलेलं आहे.

तिथे पिग्मीसाठी दोन प्रोग्राम चालतात. पहिला मशीनकडून फाईल घेतो आणि 'आवक' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. दुसरा ती फाईल उचलून एकेक नोंद खात्यांत चढवतो. दोन्ही मागे, गुपचूप चालणारे. पडद्यावर त्यांची खिडकी नाही, चिन्ह नाही. जुन्या लोकांच्या भाषेत डीमन. हा शब्द १९६३च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी भौतिकशास्त्रातून उचलला. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक काल्पनिक डीमन मानला होता, जो दाराशी बसून एकेक रेणू निवडत राहतो, त्याच्यावरून. हे मी साहेबांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. तेव्हापासून ते अशा प्रोग्रामला, म्हणजे सर्व्हिसला, मुंजा म्हणतात.

"मुंजा उठत नाहीये का?" दारातूनच त्यांनी विचारलं.

उठत नव्हता. सर्व्हिसची तब्येत सांगणारं सिस्टीमसीटीएल स्टेटस दिलं तर नोंदी चढवणाऱ्या सर्व्हिसपुढे लाल अक्षरांत 'फेल्ड' आणि सगळ्यात खाली एक ओळ: स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली. फार लवकर लवकर सुरू करायला सांगताय, आता मी करणार नाही.

इथे मी तेच केलं जे सगळे करतात. स्टार्ट दिलं. मग रीस्टार्ट दिलं. मग परत स्टार्ट. मागे साहेब उभे असले की बोटं आपोआप चालतात, डोकं नंतर येतं. एकदा तर साहेबांनी "अजून एकदा करून बघा ना" म्हटल्यावर मी अजून एकदाही केलं.

ती शेवटची ओळ आजार सांगत नसते. सर्व्हिस पडली की लगेच उठव, असं मी तिच्या युनिट फाईलमध्ये, म्हणजे तिला कसं चालवायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, लिहून ठेवलेलं होतं. सिस्टीमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, इमानाने तेच करतो, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलीसेकंद थांबतो. दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की हात झटकतो. म्हणजे तो कंटाळल्याची ओळ तेवढी तळाशी दिसते आणि पहिल्यांदा नेमकं काय बिघडलं ते वर कुठेतरी गाडलं जातं. रीसेट-फेल्ड दिलं की त्याची मोजणी शून्यावर येते, पण त्याने फक्त आणखी पाचदा आपटायची परवानगी मिळते. मी सिस्टीमडीच्या आधीच्या, इनिट स्क्रिप्टच्या काळात शिकले. आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सने, उबुंटूने, १५.०४ या आवृत्तीत, म्हणजे २०१५ साली, सिस्टीमडी घेतलं तेव्हा मीही पुष्कळ कुरकुर केली होती. पण नोंदी ठेवण्याच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. सगळं एका जागी असतं. फक्त वरून वाचावं लागतं.

तर या नोंदी दाखवणारं जर्नलसीटीएल लावलं, याच सर्व्हिसचं आणि याच बूटपासूनचं, म्हणजे सर्व्हर चालू झाल्यापासूनचं, आणि एकदम वर गेले. पाच वाजून चौदा मिनिटं, पहिला प्रयत्न. स्टेटस २०३, एक्झेक.

हा आकडा दिसला की मी खुर्ची पुढे ओढते. प्रोग्राम स्वतः मेला तर बहुतेक वेळा १, २ असा बारका आकडा देतो. २००च्या पुढचे हे आकडे सिस्टीमडीने स्वतःसाठी ठेवलेत. २०० म्हणजे सांगितलेल्या फोल्डरमध्ये जाता आलं नाही, २१७ म्हणजे ज्या युजरच्या नावाने चालवायचं तो युजरच सापडला नाही, २०३ म्हणजे फाईल चालवताच आली नाही. थोडक्यात, प्रोग्राममधली एक ओळसुद्धा चाललेली नाही. डेटाबेस, पासवर्ड, पोर्ट, या कशाचा संबंध नाही. धायरीपासून डोक्यात घोळवत आणलेली तिन्ही निदानं एका आकड्याने कचऱ्यात गेली.

पुढे कारण लिहिलेलं: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. फाईलच नाही म्हणे.

फाईल होती. फायलींची यादी देणारं एलएस केलं, दिसली. चालवायची परवानगी होती. मालक बरोबर होता. नावात एखादी चोरटी स्पेस असेल म्हणून युनिट फाईलमधून मार्ग कॉपी करून पुन्हा एलएस केलं, तरी दिसली. मी स्क्रीनकडे बघतेय, फाईल माझ्याकडे बघतेय, आणि सर्व्हर म्हणतोय अशी कोणी राहत नाही इथे.

मामांनी चहा आणला. "ताई, साखर कमी घातलीय," म्हणाले. दोन घोट घेतल्यावर सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. सिस्टीमडीला मधून काढून टाकायचं आणि प्रोग्राम शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, हाताने चालवून बघायचा. आमचा शेल, बॅश, जरा जास्त बोलतो. तो म्हणाला, बॅड इंटरप्रिटर.

मग उजेड पडला. आमचा हा प्रोग्राम म्हणजे पायथन भाषेतली स्क्रिप्ट. अशा स्क्रिप्टची पहिली ओळ सांगते की मला वाचून दाखवणारा पायथन कुठे बसलाय. स्क्रिप्ट जागेवर असते, पण तो वाचणारा जागेवर नसला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'फाईल नाही' एवढंच म्हणतो. कुठली फाईल ते सांगत नाही. आपण स्क्रिप्टच शोधत बसतो. लग्नपत्रिका हातात आहे आणि भटजींचा पत्ता नाही, अशातली गत. आमचा पायथन होता डेटा नावाच्या फोल्डरमध्ये. तिथे गेले. आत 'आवक' हे एकुलतं एक फोल्डर. बाकी शुकशुकाट.

वास्तविक तिथे दोन वर्षांचा माल असायला हवा होता.

"किती वेळ लागेल साधारण?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता, पण विचारण्याची ही तिसरी खेप होती. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या." हे मी दर वेळी म्हणते.

डिस्कांची यादी देणारं एलएसबीएलके लावलं. नवी डिस्क, एसएसडी, यादीत होती, पण ती कुठे जोडलीय तो रकाना कोरा. आणि मला दिवाळी आठवली. धनत्रयोदशीला जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली होती. लक्ष्मीपूजनाच्या आत काम उरकायचं म्हणून मी रात्री अकरापर्यंत बसून सगळा डेटा आणि त्याच्यासोबत तो पायथनही नव्या एसएसडीवर हलवला, हाताने माउंट केली, म्हणजे डेटा फोल्डरला जोडली, सर्व्हिस चालतेय बघितलं, काकूंनी ठेवलेल्या चकल्या खाल्ल्या आणि घरी गेले. डिस्क हाताने माउंट केली की ती पुढच्या बूटपर्यंतच. कायमची हवी तर एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी उद्या लिहिणार होते. उद्या नरकचतुर्दशी होती.

त्यानंतर हा सर्व्हर कधी बंदच झाला नाही. गुरुवारी लाईट जायची, यूपीएस कसाबसा तग धरायचा, गरज पडली तर शेजारच्या दुकानाच्या जनरेटरवरून वायर यायची. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मी सर्व्हर बसवला तेव्हापासून त्या सकाळपर्यंत ४११ दिवस सलग. मार्चअखेरीला मी साहेबांना अपटाइम, म्हणजे सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, दाखवून मिरवलंही होतं. "एकदाही बंद नाही," असं. म्हणजे कर्नलचे अपडेट्स टाकून ठेवायचे आणि ज्या रीबूटने ते लागू होणार तो मात्र करायचा नाही, असं वर्षभर चाललेलं. त्यात मिरवण्यासारखं काय होतं, आता विचार करते.

ओळ लिहिली. डिस्कचं नाव न टाकता तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, टाकला, कारण नावं बूटगणिक इकडची तिकडे होऊ शकतात, यूयूआयडी फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. शेजारी 'नोफेल' लिहिलं. ते नसलं आणि एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही, तर सर्व्हर ९० सेकंद वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. मग मामांना फोनवरून सूचना देत बसायचं. सिस्टीमडीला बदल वाचायला लावणारं डीमन-रीलोड दिलं, माउंट दिलं. डेटा फोल्डर भरलं. सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

रीसेट-फेल्ड, स्टार्ट. परत लाल. पण आता आकडा १.

एरर बदलली की मला बरं वाटतं. साहेबांना हे समजावता येत नाही. त्यांच्या दृष्टीने लाल ते लाल. पण १ म्हणजे मुंजा उठला, दोन पावलं चालला आणि कशाला तरी अडखळून पडला. कशाला ते त्याने स्वतःच लिहिलं होतं: रन फोल्डरच्या आत त्याचं एक छोटं फोल्डर असतं, त्यात तो कुलपाची फाईल ठेवतो, म्हणजे दोन प्रती एकदम चालू नयेत. ते फोल्डर नव्हतं.

हेही माझंच. रन फोल्डर डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. प्रत्येक बूटला ते पाटीसारखं पुसून कोरं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये सर्व्हिस बसवताना ते फोल्डर मी एमकेडीआयआरने हाताने बनवलं, मालक बदलला, चाललं, विसरले. ४११ दिवस ते तिथेच होतं, कारण पाटी कुणी पुसलीच नाही.

याचा खरा उपाय मला माहीत होता. युनिट फाईलमध्ये रनटाइमडिरेक्टरीची एक ओळ लिहायची, की सिस्टीमडी दर वेळी सर्व्हिस सुरू करण्याआधी फोल्डर स्वतः बनवतो आणि योग्य मालकाच्या ताब्यात देतो. पण बाहेर एक एजंट मुलीला क्लासहून आणायचंय म्हणून घड्याळ बघत होता. मी परत एमकेडीआयआर केलं. परत मालक बदलला. आणि निळ्या पेनाने डाव्या तळहातावर 'रन' असं लिहिलं. हिरवं आलं. ॲक्टिव्ह, रनिंग. बाकड्यावरून हुश्श झालं, मशीनं टेबलावर आली, नोंदी चढायला लागल्या. सात वाजून दहा मिनिटं. मी उरलेला गार चहा प्यायले.

साडेसातला कॅशियरकाकूंनी काउंटरवरून हाक मारली. "अगं, जरा इकडे ये."

रोकड १४,८५० रुपयांनी जास्त होती. कमी नाही, जास्त. कॅशियरच्या धंद्यात जास्त निघणं कमी निघण्याइतकंच वाईट, हे काकूंनी तीस वर्षांत अनेकांना ऐकवलेलं आहे. यादी चाळल्यावर लगेच कळलं की तुळशीबागेच्या बाजूला फिरणाऱ्या सगळ्यात जुन्या एजंटकाकांचं पिग्मीच्या यादीत नावच नाही. सत्तरीला टेकलेले, धोतर नाही पण टोपी आहे. ते रोज सगळ्यांच्या आधी येतात. आजही लाईट आल्या आल्या आले, मशीन लावलं, मशीनवर 'यशस्वी' आलं, पैसे भरले आणि निघून गेले. सर्व्हिस पडलीय हे बाकीच्यांना त्यानंतर कळलं.

त्यांना बोलावून घेतलं. पेरूगेटापाशी राहतात, दहा मिनिटांत आले. मशीन रिकामं होतं, एकदा 'यशस्वी' म्हटलं की ते नोंदी पुसून टाकतं. काका मुळीच घाबरले नाहीत. पिशवीतून लाल कापडी बांधणीची लांबट वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मशीन आल्यापासून आज इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक नोंद ते आधी वहीत पेन्सिलीने लिहितात आणि मग मशीनवर दाबतात. ४७ नोंदी. खाली रेघ मारून बेरीज, १४,८५०.

"पोरी, टाईप करून घे ह्याच्यावरून," ते म्हणाले. काकूंनीही चष्मा पुसून तयारी केली.

मी नको म्हटलं. ते सगळ्यांना आवडलं नाही. साहेब तर म्हणाले, "अहो मॅडम, ४७ नोंदी आहेत, पंधरा मिनिटांचं काम." पण मशीनने 'यशस्वी' उगाच म्हटलं नसणार. पलीकडून कुणीतरी 'मिळालं' म्हटल्याशिवाय ते म्हणत नाही. म्हणजे फाईल सर्व्हरवर आलेली आहे, कुठेतरी आहे. आज आपण हाताने नोंदी चढवल्या आणि उद्या ती फाईल कुठून तरी उगवली, तर ४७ खात्यांवर दुप्पट पैसे जमा. मग त्या ४७ दुकानांत जाऊन तुमचे पैसे आम्ही चुकून वाढवलेत, असं काकांनी सांगायचं का?

"ते मी सांगणार नाही," काका म्हणाले.

मग मी फाईल घेणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचा लॉग उघडला. तोवर त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण तो हिरवा होता. पाच बावीसला काकांच्या मशीनकडून फाईल मिळाली. ४७ नोंदी. 'आवक'मध्ये जतन केली. सगळं छान. 'आवक'मध्ये गेले. फाईल नाही. नोंदी चढवून झालेल्या फाईल ज्या फोल्डरमध्ये जातात तिथे नाही. फाईंड लावून सगळा सर्व्हर पालथा घातला. नाही. एका संध्याकाळी दुसऱ्यांदा तोच खेळ. मघाशी फाईल दिसत होती आणि सर्व्हर नाही म्हणत होता. आता सर्व्हर आहे म्हणतोय आणि मला दिसत नाहीये.

तळहातावरचं 'रन' घामाने पसरलं होतं. त्याच्याकडे बघत मी वेळा जुळवत बसले. पाच बावीस. सहा अठ्ठावन्न. पाच बावीस. सहा अठ्ठावन्नला मी डिस्क माउंट केली. आणि त्याच्या आधी, डेटा फोल्डर ओस पडलं होतं तेव्हा, त्यात एकच गोष्ट होती. 'आवक'.

रिकाम्या फोल्डरमध्ये 'आवक' कुठून आलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

फाईल घेणारा प्रोग्राम 'आवक' नसेल तर स्वतः बनवतो. बनवणाऱ्याने सोय म्हणून तसं केलेलं. वर तो चालतो रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, नावाने, म्हणजे त्याला अडवणारं कुणी नाही. हे बदला, असं मी लेखी दिलेलं आहे, तो कागद बॅटऱ्यांच्या फायलीतच असावा. संध्याकाळचा क्रम मग असा लागतो: डिस्क जोडलेली नाही, डेटा फोल्डर ही नुसती मोकळी जागा. काकांची फाईल येते. प्रोग्राम त्या मोकळ्या जागेत नवं 'आवक' बनवतो आणि फाईल ठेवतो. दीड तासाने मी त्याच जागेवर खरी डिस्क आणून बसवते. एखाद्या फोल्डरवर डिस्क माउंट केली की त्या फोल्डरमधलं आधीचं सगळं झाकलं जातं. पुसलं जात नाही, नुसतं दिसेनासं होतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकावी आणि खाली पडलेलं नाणं तिच्याखाली जावं, तसं. फाईंडने सतरंजीवरचं सगळं धुंडाळलं, खाली हात घातलाच नाही.

डिस्क काढून बघता आलं असतं, पण वर सर्व्हिस चालू होती, एक एजंट अजून मशीन लावत होता. त्याची गरज नव्हती. माउंटला बाइंड नावाचा पर्याय आहे. सर्व्हर ज्या मूळ डिस्कवरून चालतो तीच दुसऱ्या एखाद्या जागी पुन्हा दाखव, असं सांगता येतं, आणि त्या दुसऱ्या जागी वर बसवलेल्या बाकीच्या डिस्का येत नाहीत. मी एक फोल्डर बनवलं, मूळ डिस्क तिथे बाइंड केली आणि आत गेले. डेटा. त्यात 'आवक'. त्यात एक फाईल, पाच बावीसची.

उघडली. पहिली ओळ, एका कटलरीच्या दुकानाचं खातं, २०० रुपये. काकांच्या वहीतली पहिली ओळ, तेच खातं, २००. काका माझ्या खांद्यावरून वाकून पेन्सिलीच्या टोकाने वहीतली एकेक ओळ टिक करत होते आणि मी स्क्रीनवर खाली सरकत होते. मध्येच म्हणाले, "थांब. हे ३५० का?" वहीत ३०० होते. मशीनवर ३५०. त्यांनी डोळे मिटून आठवलं, म्हणाले, "बरोबर, त्याने परत बोलावून पन्नास दिले, मी मशीनवर मारले आणि वहीत राहिलं." मग वहीतली बेरीज? बेरीज त्यांनी रोकड मोजून टाकलेली. काकूंनी फक्त त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

फाईल खऱ्या 'आवक'मध्ये कॉपी केली. मुंजाने काही सेकंदांत उचलली. रोकड जुळली. आठ वीस.

आता खरं काम, आणि त्यातला अवघड भाग साहेबांना पटवण्याचा. रनटाइमडिरेक्टरीची ओळ लिहिली. दोन्ही सर्व्हिसच्या युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहिलं, म्हणजे डेटाची डिस्क जोडली गेल्याशिवाय त्या उठणारच नाहीत आणि मोकळ्या जागेत कुणी संसार थाटणार नाही. सतरंजीखालचं ते खोटं 'आवक' पुसलं आणि त्या मूळच्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआरने कुलूप घातलं. आता डिस्क नसेल तर रूटलासुद्धा तिथे काही ठेवता येणार नाही. मशीनवर सरळ 'अयशस्वी' येईल आणि काका नोंदी मशीनमध्ये ठेवूनच बाकड्यावर बसतील. त्यांना बसावं लागेल याचं वाईट वाटतं, पण ते परवडलं.

आणि मग म्हटलं, "साहेब, सर्व्हर रीबूट करते."

साहेब उभेच राहिले. "आत्ता? चालू झालाय ना?"

"म्हणूनच."

"मॅडम, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? साडेआठ वाजलेत. परत नाही उठला तर?"

"नाही उठला तर आत्ता मी इथे आहे. पुढच्या गुरुवारी मी कोकणात असेन."

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण संमतीही नव्हती. शेवटी काकूंनी निकाल दिला. "करू दे तिला. माझा उपास सोडायचा राहिलाय, काय ते एकदाचं होऊ दे." सगळा डेटा बॅकअपला गेलाय ना, हे दोनदा बघितलं आणि रीबूट दिलं.

जुना डबा आहे, बूट व्हायला चार मिनिटं घेतो. त्या चार मिनिटांत कुणी काही बोललं नाही. मामा मागच्या मागे खिडक्या लावत होते. पंखे मोठ्याने घुमले, मग आवाज उतरला. लॉगिन आलं. डिस्क जागेवर. रन फोल्डरमध्ये मुंजाचं घर आपोआप बांधलेलं. स्टेटस दोनदा दिलं, दोन्ही हिरवे, आणि या वेळी मी स्टार्ट शब्द टाईपसुद्धा केला नव्हता. काकांनी खात्री म्हणून स्वतःच्या खात्यावर दहा रुपयांची पिग्मी मशीनवर मारली आणि मशीन लावलं. चढली. काकूंनी गल्ला परत उघडायला लावल्याबद्दल त्यांना दोन शब्द ऐकवले.

"अपटाइम किती आता?" कुलूप लावताना साहेबांनी विचारलं. मार्चमधलं त्यांच्या लक्षात होतं.

"अकरा मिनिटं."

ते काही बोलले नाहीत. खिशातून डायरी काढली. पुढच्या बैठकीचे विषय त्यात ते लिहून ठेवतात. 'यूपीएस बॅटरी'च्या खाली त्यांनी एक ओळ वाढवली आणि मला दाखवली: दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू करणे. मग त्यापुढे कंसात माझं नाव लिहिलं. चांगला चालणारा सर्व्हर मुद्दाम का बंद करायचा, हे मंडळापुढे उभं राहून मी समजावायचं आहे. बैठक अजून लागायची आहे. बॅटऱ्याही.